द्या म्हनलं, म्हनून दिली

परळीला मोंढ्याच्या रस्त्यावर आमचं भांड्यांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. दुकान सासऱ्यांनी उभं केलं, आता दीर चालवतात. आम्ही नवरा-बायको दोघंही शिकवायच्या नोकरीत. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात, तेव्हा इथंही मामाच लिहिते. आणि जिच्याबद्दल सांगायचंय ती माझी धाकटी जाऊ. अंबाजोगाईला बी.एस्सी. करून या घरात आली. दुकानात कॉम्प्युटर आला तो तिच्या हट्टानं.

कॉम्प्युटर आला बिलांसाठी, पण त्याच्यावर जास्त वेळ बसायचे मामा. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा त्रास वाढला आणि पेपर वाचणं सुटलं. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा पेपर नुसता मांडीवर घेऊन बसायचे. जावेनं ते पाहिलं आणि एक दिवस त्यांना खुर्चीत बसवून दाखवलं, की हे बटण दाबून धरायचं आणि माऊसचं चाक फिरवायचं, अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतं. अक्षरं बत्त्याएवढी झाली. मामांनी एका दमात अख्खी बातमी वाचली आणि मग आमच्याकडं बघून म्हणाले, "ह्ये आधी कावून न्हाई सांगितलं?"

तेव्हापासून दुपार त्यांची. पेपर, पंचांग, पितळेचे भाव, कपिलधारच्या देवस्थानाची भजनं. गुडघ्यांमुळं कार्तिकातली कपिलधारची पायी दिंडी बंद झाली होती, ती भरपाई ते भजनांवर करायचे. जावेनं सगळं मराठीत लावून दिलं होतं. पडद्यावर इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. आता काही काळजी नाही असं आम्हाला वाटायचं.

लग्नसराईतली गोष्ट. दीर धर्मापुरीच्या एका लग्नघरी रुखवताची भांडी पोचवायला गेलते. नोकर जेवायला गेले होते. दुकानात मामा एकटेच. अचानक पडदा लालभडक झाला, भोंग्यासारखा आवाज सुरू झाला आणि एक बाई इंग्रजीत काहीतरी बजावायला लागली. मामांना कळलं ते एवढंच, की काहीतरी मोडलं आणि ते आपल्या हातून मोडलं. पडद्यावर मोठ्या आकड्यांत फोन नंबर होता. त्यांनी तो लावला.

पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, लई गोड. अंकल, घाबरू नका, तुमच्या मशीनमध्ये व्हायरस शिरलाय, मी इथून काढून देतो, फक्त मी सांगतो तसं करत चला. मामा फोन खांदा आणि कानाच्या बेचक्यात धरून एकेक अक्षर शोधून टाईप करत होते. तेवढ्यात जाऊ ताकाचा तांब्या घेऊन खाली आली. पडद्यावरचा बाण मामांचा हात माऊसवर नसताना आपोआप हलत होता. तिनं तांब्या गल्ल्यावर ठेवला आणि सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं.

मामा खेकसले, "अगं, काय केलंस! त्यो बिचारा दुरुस्त करत हुता!"

तिनं त्यांच्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावून म्हणाली, "दुकान बंद हो गया, भैया. फिरसे फोन मत करना." आणि ठेवून दिला. ती घाबरली नव्हती असं नाही. पण मी कॉलेजातून येईपर्यंत तिनं सगळं उरकलं होतं. इंटरनेटची वायर काढून ठेवली होती, आपल्या मोबाईलवरून सगळे पासवर्ड बदलले होते, बँकेत फोन करून खात्यावर लक्ष ठेवा म्हणून सांगितलं होतं. त्या माणसानं मशीनमध्ये जे घुसवलं होतं तेही शोधून काढून टाकलं. आमचं काहीही गेलं नाही.

गेलं ते मामांचं. समोरच्या कटलरीवाल्यानं ऐकलं आणि दुकानाच्या पायरीवर उभा राहून दिरांना मोठ्यानं म्हणाला, "म्हाताऱ्याच्या हातात कावून देता बे असल्या वस्तू?" मामा आत गादीवर होते. त्यांना सगळं ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची कॉम्प्युटरपासून उचलून दाराशी नेली, रस्त्याकडं तोंड करून. दुपारभर येणारी-जाणारी माणसं बघत बसायचे. पेपर पुन्हा मांडीवर घडीतच.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं, जाऊ दे, या वयात कशाला ती कटकट. दिरांचंही तेच. मलाही मनातून तसंच वाटत होतं. एकट्या जावेला ते पटत नव्हतं. ती म्हणाली, "ताई, दाराला कडी न्हाई म्हणून कुनी घरात राहायचं सोडतं का? कडी लावायची."

पण आधी चोर कुठून आला ते तिला कळायला हवं होतं. तिनं शोधलं तर वाट भजनांच्या साईटवरून निघाली. भजनं लावणाऱ्या कुठल्याशा फुटकळ साईटनं मामांना विचारलं होतं, तुम्हाला सूचना पाठवू का? मामांनी हो म्हटलं होतं. त्या सूचनांच्या नावाखाली जाहिराती यायला लागल्या आणि त्यातल्याच एकीतून तो लाल पडदा आला. असल्या कितीतरी साईटींना मामांनी हो म्हटलेलं होतं.

ती मामांजवळ जाऊन खाली बसली. मोबाईलवर त्या चौकटीचं चित्र दाखवून हळूच म्हणाली, "मामा, हे आलं तवा तुमी काय केलतं?"

मामांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं. चौकटीत दोन बटणं होती. एकावर लिहिलं होतं, 'परवानगी द्या'.

"त्यानं द्या म्हनलं, म्हनून दिली," मामा म्हणाले.

मी तिथंच उभी होते. आयुष्यभर मी मुलांना आज्ञार्थ शिकवत आले. 'द्या' हा शब्द त्या बटणावर मीही रोज वाचत होते. पण तो मामांच्या कानांनी मला कधी ऐकू आला नव्हता. मामांना ते बटण हुकूम करत होतं, आणि मामा सरळ माणूस. कोणी अदबीनं 'द्या' म्हटलं तर नाही म्हणायची त्यांना सवय नाही.

जाऊ माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "ताई, ह्यात मामांचं काय चुकलं सांगा."

त्यानंतरचे काही आठवडे तिनं ब्राउझरचा जो अभ्यास केला तो मी जवळून पाहिला. ब्राउझर म्हणजे इंटरनेट उघडायची खिडकी. आमच्या घरात तोवर कोणाला हेही माहीत नव्हतं की ही खिडकी बदलता येते. मशीनबरोबर जी आली तीच. लग्नाचं भांडं घेताना बायका चार दुकानं फिरतात, आणि जिच्यातून बँकेपासून देवापर्यंत सगळं बघतो ती खिडकी आम्ही कधी निवडली नव्हती. हे तिनं स्वयंपाक करता करता मला ऐकवलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून ती वाचायची, आणि पोळी उलटताना मला सांगायची. हा ब्राउझर कोण बनवतं? त्याचं पोट कशावर चालतं? आपण कुठं-कुठं फिरतो ते तो कोणाला सांगतो का? त्यात छिद्र सापडलं तर किती लवकर बुजवतात? आणि आतली रचना बघायला मिळते का?

शेवटी तिनं एक मुक्त स्रोत ब्राउझर निवडला. मुक्त स्रोत म्हणजे ज्याचं आतलं सगळं लिखाण जगासमोर उघडं ठेवलेलं असतं, कोणीही वाचावं, चूक सापडली तर सांगावी.

रात्रीच्या जेवणाला विषय निघाला तेव्हा दीर म्हणाले, "फुकटचं कोन देतं? फुकट म्हनलं की आपन फसलो."

"अहो, जुना तरी कुठं विकत घेतलता?" ती म्हणाली. "त्योबी फुकटच हुता. मग त्याचं पोट कशावर चालतं हे इचारलं का कधी? ह्या नव्यालाबी पोट हाय. त्योबी कुठूनतरी पैसा घेतोच, शोधायचं काम ज्या कंपनीकडं देतो तिच्याकडून. पण ते त्यानं सांगून टाकलंय, आन् आत काय चाललंय ते झाकलेलं न्हाई."

मला मात्र भलतीच शंका. मी विचारलं, "अगं, आतलं सगळ्यांना दिसतं, तर चोरालाही दिसणारच की."

तिनं घास खाली ठेवला. "ताई, खेड्यावरची बाई हंडा कसा घेती? उलटा करती, टिचकी मारून वाजवती, सांध्यावरून बोट फिरवती. झाकून बांधून ठिवलेला हंडा ती घील का? चोराला छिद्र दिसतं तसं हजार गिऱ्हाइकांनाबी दिसतं, आन् दिसलं की डाख लावून बुजवलं जातं." मग म्हणाली, "पर वाजवून बघणारं कुनीतरी असावं लागतं. नुसतं उघडं ठिवून भांडं पक्कं होत न्हाई. हा चांगला वाजवलेला हाय, म्हणून घेतला."

दीर हसले. जन्म भांड्यांत गेलेला माणूस. यापुढं त्यांनी वाद घातला नाही.

दुकानाच्या मशीनवर तिनं तो ब्राउझर बसवला, जाहिराती अडवणारं एक जोडकाम त्याला लावलं, सूचना मागणाऱ्या साईटींना सरसकट दार बंद केलं. नवीन डाख, म्हणजे दुरुस्त्या, आपोआप लागत राहतील असं करून ठेवलं. सगळंच बदलता आलं असं नाही. बिलांचा प्रोग्रॅम जुन्याच ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारा, म्हणून मशीन तसंच राहिलं. करभरणीचं एक काम या ब्राउझरमध्ये अडायचं, त्यासाठी दुसरा एक ठेवला, त्या कामापुरता. पण माझा जुना लॅपटॉप, जो उघडायला लागेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा, तो तिनं सगळा पुसून त्यावर लिनक्स ही मुक्त स्रोत सिस्टीम टाकली. भीत-भीतच दिला होता मी. आज हे त्याच्यावरच लिहिते आहे.

एवढं झालं तरी मामा दारातून हलेनात. "आपलं काम न्हाई त्ये," एवढंच. जावेनं नवा ब्राउझर त्यांना दाखवायला नेला. त्यांनी दुरूनच पाहिलं आणि बोट दाखवलं. कुठल्यातरी कामासाठी उघडलेल्या चौकटीत इथंही बटण होतं, 'परवानगी द्या'.

"ह्योबी द्याच म्हनतोय की," मामा म्हणाले आणि परत खुर्चीत जाऊन बसले.

तिच्या जागी मी असते तर तिथं थांबले असते. ती त्या संध्याकाळी वर आली ती वेगळ्याच तोऱ्यात. म्हणाली, "ताई, ह्या ब्राउझरची मराठी कोन लिहितं माहिती हाय का? कुनी पगारी माणूस न्हाई. तुमच्या-आमच्यासारखे लोक लिहितात, आपल्या खुशीनं. आन् आपल्यालाबी लिहिता येतं. जुन्यातला शब्द आपल्याला बदलता आला असता का? ह्यातला बदलता येतो."

मला वाटलं नव्हतं, की ही 'मुक्त' गोष्ट भाषेलाही लागू आहे. भाषांतराच्या साईटवर प्रत्येक वाक्य इंग्रजीत आणि त्याच्यासमोर मराठीत मांडलेलं असायचं. आपल्याला वेगळं सुचलं तर लिहून ठेवायचं. मग जुने जाणते स्वयंसेवक ते तपासून घेणार किंवा परतवणार. जावेनं नाव नोंदवलं, आणि मला न विचारता मलाही कामाला लावलं.

श्रावणात भांड्यांच्या दुकानात शुकशुकाट असतो. आम्ही दोघी दुपारी गल्ल्यामागं बसायचो. धोक्याची सूचना देणारी वाक्यं तिनं आधी घेतली. माणूस घाबरलेला असतो तेव्हाच ती वाचतो, म्हणून तीच सगळ्यात सोपी पाहिजेत, असं तिचं म्हणणं. एका वाक्यात 'भ्रामक संकेतस्थळ' असं होतं. मला त्यात काही खटकलं नाही.

"भ्रामक म्हनलं की कीर्तन आठवतं," ती म्हणाली. "फसवी साईट म्हनूया."

"साईट हा शब्द मराठी नाही."

"ताई, संकेतस्थळ म्हनून परळीत कुनी कुठं गेलंय का?"

तिथं तिचं ऐकलं. काही ठिकाणी माझं चाललं. तिची वाक्यं बोलायला सुरेख असायची, पण लिहिल्यावर कधी कोण कोणाला काय करतंय ते कळायचं नाही. ती मी मोडून पुन्हा बांधायची. आमचं भांडण व्हायचं, आणि भांडण मिटत नसलं की ती तोंड वर करून दाराकडं हाक द्यायची, "मामा, समजा पडद्यावर असं लिहून आलं, 'पुढं फसवणूक होऊ शकते', तर तुमी काय कराल?"

मामा रस्त्याकडं बघतच म्हणायचे, "मागं फिरीन. आनखी काय?"

"आन् 'जोडणी असुरक्षित आहे' असं आलं तर?"

"वायरमनला बोलवीन."

आम्ही दोघी हसून लोळायचो. पण तिनं ते वाक्य टिपून घेतलं आणि त्याला पुस्ती जोडली, की तुम्ही इथं लिहाल ते वाटेत दुसरा कोणी वाचू शकतो. मामांनी तेही ऐकलं. थोड्या वेळानं दारातूनच म्हणाले, "पोस्टकार्डावानी?" "हां मामा, पोस्टकार्डावानी," जाऊ म्हणाली. वाक्यात पोस्टकार्ड घालता आलं नाही, पण त्या दिवशी मामांची खुर्ची थोडी आत वळली होती. नंतर नंतर ते न विचारताच बोलायला लागले. अमुक शब्द कोर्टातला वाटतो, तमुक शब्दानं माणूस घाबरून पळंल, असं. शेवटी एकदा त्रासून उठले, "तुमी वाचता त्ये मला नीट कळना. सरका, मला दिसू द्या," आणि माझ्या स्टुलावर येऊन बसले. जावेनं अक्षरं मोठी केली. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मुद्दामच पाहिलं नसावं.

राहिला प्रश्न 'परवानगी द्या'चा. तो आम्ही शेवटी घेतला, कारण तो अवघड होता. बटणावर माणसाचा स्वतःचा शब्द पाहिजे, मशीनचा हुकूम नको, हे दोघींना पटलेलं. मी म्हटलं, 'परवानगी देतो' करू. ती म्हणाली, "आन् मी काय 'देतो' म्हनू?" खरंच की. 'देतो' लिहिलं तर बाया बाहेर, 'देते' लिहिलं तर बापे बाहेर. मराठीत बाई-बुवाचा भेद क्रियापदापर्यंत येतो. चार दिवस माझ्या डोक्यात तेवढंच. वर्गात मुलांच्या वह्या तपासतानाही तेच. मग एक दिवस फळवाल्याशी बोलताना माझ्याच तोंडातून शब्द निघाला. तो म्हणाला, उद्या आणून देऊ का? मी म्हटलं, चालेल. आणि धावत घरी आले. 'चालेल' आणि 'नको'. बाई म्हणो, बुवा म्हणो, शब्द एकच. आणि ज्याचा त्याचा.

जावेनं मला मिठीच मारली. तिनं ते दोन शब्द लिहून पाठवले, खाली इंग्रजीत लांबलचक कारण दिलं. आमच्या मामांनी काय म्हटलं, तेही लिहिलं.

मग उत्तरच नाही. गणपती गेले, दसरा आला. आमच्या बाकीच्या वाक्यांतली काही घेतली गेली, काही तशीच लोंबकळत होती. दीर चिडवायचे, "काय, तुमच्या कंपनीनं कळवलं का न्हाई?" ती हसून सोडून द्यायची. म्हणायची, तिकडंबी कुनीतरी आपल्यासारखंच घरचं काम उरकून बसत असंल.

उत्तर आलं ते दूरच्या कुठल्यातरी शहरातल्या तपासनिसाचं. बाई की बुवा, आम्हाला आजही माहीत नाही. उत्तर सभ्य होतं आणि चोख होतं. तुमचा मुद्दा खरा आहे, असं लिहिलं होतं. पण शेकडो बटणं 'द्या', 'करा', 'उघडा' अशीच आहेत, एकच बदललं तर वाचणारा गोंधळेल, आणि सगळी बदलायची तर सगळ्यांचं मत घ्यावं लागेल. बटण राहू द्या. पण वरच्या वाक्यात तुमचा हेतू आणता येईल का बघा.

माझा चेहरा उतरला. जाऊ मात्र लगेच कामाला लागली. वरचं वाक्य होतं, 'ही साईट आपणास सूचना पाठवू इच्छिते'. इच्छिते म्हणजे कोणाची इच्छा, कोणाचा हुकूम, मामांना काही अर्थ लागत नव्हता. दोघींनी मिळून केलं, 'ही साईट विचारते आहे: तुम्हाला अधूनमधून सूचना पाठवू का? नाही म्हटलं तरी साईट चालेल.' दुसरं वाक्य तिचं. मूळ इंग्रजीत ते नव्हतंच. म्हणून ते काढायला लावलं. पहिलं घेतलं गेलं.

काही दिवसांनी ब्राउझर नवा झाला. सूचनांचं बंद केलेलं दार जावेनं तेवढ्यापुरतं उघडलं आणि आमचं वाक्य दुकानातल्या पडद्यावर आलं. जावेनं मामांना हाक मारली. त्यांनी अक्षरं मोठी करून दोनदा वाचलं.

"इचारतोय व्हय," ते म्हणाले. "मंग नको म्हनायला काय हरकत न्हाई." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं 'नको'च्या जागी जे बटण होतं ते दाबलं.

कार्तिकातली दिंडी निघायच्या आधी मात्र कमालच झाली. मामांना दिंडीचा मुक्काम कुठं-कुठं आहे ते बघायचं होतं. आपण जात नसलो तरी वाटेतल्या मुक्कामाला भांडी, पत्रावळी पाठवायचा आमच्या घरचा रिवाज आहे. एका छोट्या मठाची साईट त्यांनी उघडली तर समोर धोक्याचं पान आलं. मी पायऱ्या उतरत होते. पूर्वीचे मामा असते तर खुर्ची उचलून निघाले असते. या वेळी ते चष्मा पुसून सगळं वाचत बसले. मग 'मागे जा' दाबलं, गल्ल्यातून डायरी काढली आणि मठाच्या सेक्रेटरींना फोन लावला.

"नमस्कार. परळीहून बोलतोय, भांडीवाला. तुमच्या साईटच्या दाखल्याची मुदत संपली हाय. ... न्हाई, न्हाई, मठाचा दाखला न्हाई. साईटचा. ही साईट खरंच तुमचीच हाय, असा दाखला असतोय. ... आता मी तुमाला वळखतो, पर माझ्या मशीननं कावून इश्वास ठिवावा? तुमच्या पोराला सांगा, नवा करून घ्या. भक्तलोक घाबरून माघारी जाया लागलेत."

सेक्रेटरींना पहिल्यांदा काही कळलं नसावं, कारण मामांनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. समोरचा कटलरीवालाही बाहेर येऊन ऐकत उभा राहिला. दोन दिवसांत साईट ठीक झाली. मामांनी त्या गोष्टीचा कुठं गवगवा केला नाही, पण संध्याकाळी देवळातून येताना चाल जरा वेगळी होती. कटलरीवाला मग आपल्या बापाला घेऊन आला; त्यांनाही अक्षरं मोठी करून पाहिजे होती. मामांनीच शिकवलं.

मला जावेचं कौतुक वाटतं ते हुशारीचं आहेच. पण हुशार माणसं मी कॉलेजात पुष्कळ बघते. फसलेल्या माणसाला दोष न देता, तो ज्या शब्दावर घसरला तो शब्द सारखा करायला जाणारी बाई मी ही एकच पाहिली. बाकीचे आम्ही सगळे मामांना मशीनपासून लांब ठेवून मोकळे होणार होतो. आणि तिच्यापाठोपाठ मला त्या न पाहिलेल्या माणसांचंही कौतुक वाटतं, जी कुठल्या कुठल्या गावांत बसून, कोणी न सांगता, एकेक वाक्य घासत असतात. त्यांच्यातल्या कोणी ते भांडं टिचकी मारून वाजवलं होतं, म्हणून आमच्या घरापर्यंत ते धड पोचलं.

या उन्हाळ्यात तिला तपासणीचा अधिकार मिळाला. म्हणजे आता दुसऱ्यांनी सुचवलेली मराठी तिच्याकडं येते. पहिल्याच दिवशी कोणीतरी लिहिलेलं एक वाक्य आलं, बहुतेक कोकणाकडचं असावं. आमच्याकडं कोणाला कळलं नसतं असा शब्द त्यात होता. मी म्हटलं, परतव की सरळ. ती म्हणाली, "थांबा ताई, त्यांच्याकडं मामांसारखं कुनीतरी असंल, त्याला हाच शब्द कळत असंल." आणि तिनं त्या अनोळखी माणसाला विचारायला घेतलं, की हा शब्द तुमच्याकडं कोण वापरतं, कधी वापरतं, आणि दोन्हीकडच्या लोकांना कळेल असा तिसरा एखादा तुम्हाला सुचतो का.

उत्तर अजून यायचंय. खाली लग्नाचं गिऱ्हाईक आलं होतं; ती पदर खोचून हंडे दाखवायला गेली.